कोऱ्या नाण्यांच्या पाकिटाची खरी किंमत

बँकेतून बचत गटाची रक्कम आणताना कधी कधी सुट्ट्या पैशांचं बंद पाकीट मिळतं. आत दहा रुपयांची शंभर नाणी, सगळी नवीकोरी, चकचकीत. मग कुणीतरी म्हणतं, "मोडू नका गं, ठेवून द्या. पुढे लाखाला जाईल." मोबाइलवर तसे व्हिडिओही फिरतात. प्रश्न गटाच्या पैशाचा आहे, म्हणून हे नीट समजून घेऊ.

टांकसाळीतून निघाल्यावर बाजारात न फिरलेल्या नाण्याला आपण कोरं नाणं म्हणू. नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांना अशी नाणी हवी असतात, कारण त्यांवर ओरखडे नसतात. पण कोरं म्हणजे दुर्मीळ नव्हे. त्या वर्षी, त्या टांकसाळीत ती नाणी किती पाडली आणि आज किती जणांना ती हवी आहेत, यावर भाव ठरतो. चालू नाणी कोट्यवधींनी पाडलेली असतात.

नाणं कुठलं, हे ओळखणं सोपं आहे. सालाच्या खाली बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. काहीच खूण नसेल तर कोलकाता.

आता हिशेब करू. शंभर नाण्यांच्या पाकिटाचे १,००० रुपये कुठे जात नाहीत, ते चलनच आहे. पण हेच १,००० रुपये गटात कर्जाने फिरले आणि महिना शेकडा १ व्याज धरलं, तर वर्षाला १२० आणि पाच वर्षांत ६०० रुपये मिळतात. म्हणजे पाच वर्षांनी पाकीट १,६०० रुपयांना विकलं गेलं, तर कुठे बरोबरी झाली. व्यापारी शंभर नाणी एकदम घेतो तेव्हा किरकोळ भाव देत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि भाव कोणता खरा? बाजारात वांगी विकताना आपण सांगतो तो भाव नसतो, गिऱ्हाईक देतं तो भाव असतो. नाण्यांचंही तसंच. कुणी लाख रुपये किंमत लावली म्हणून तेवढ्याला विक्री झाली असं नव्हे. वैष्णोदेवीचं चित्र असलेली २०१२ सालची पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनात आली होती. त्यांच्या नावावर लाखोंची आमिषं दाखवली जातात.

खरा धोका इथेच आहे. "तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणीचे, कराचे पैसे भरा," असा फोन येतो. पैसे भरले की समोरचा गायब. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे का भरायचे, एवढं स्वतःला विचारा. ओटीपी आणि खात्याची माहिती तर कुणालाच देऊ नका.

तरीही हौस असेल तर जरूर जपा, पण स्वतःच्या पैशातून. पाकीट फोडू नका, कोरड्या जागी ठेवा. सुटं नाणं कडेने धरा. चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. घासलेल्या नाण्याचा संग्राहकांच्या लेखी भाव उतरतो. विकायचं झालंच तर दोन-तीन जाणकारांना नाणं दाखवा, आणि पैसे हातात आल्यावरच द्या.

मुलांना वेगवेगळ्या सालांची, चारही टांकसाळींची एकेक नाणी जमवायला सांगा. खर्च नाण्याच्या किमतीएवढाच, आणि तीही वाया जात नाही. गटाचा पैसा मात्र गटातच फिरू द्या.