पाणबुड्याची पहिली खरेदी

समुद्राच्या पोटातील सृष्टी ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिली, त्यास ती पुन्हा पाहण्याची ओढ लागते, आणि त्या ओढीच्या पाठोपाठ स्वतःचे साहित्य असावे ही इच्छाही फार काळ मागे राहत नाही. मालवण-तारकर्लीच्या पाण्यात प्रशिक्षकाच्या आधाराने घटकाभर उतरणाऱ्या पर्यटकाची गोष्ट निराळी. परंतु रीतसर शिक्षण घेऊन 18 मीटरपर्यंत उतरण्याचा दाखला ज्याने मिळवला आहे, असा नवखा पाणबुड्या दुकानात शिरला आणि त्याच्यापुढे स्कूबाप्रो, मारेस, क्रेसी, अ‍ॅक्वालंग, अपेक्स, टुसा अशी नामावळी मांडली गेली, म्हणजे यांतील थोर कोण आणि सामान्य कोण याचा निवाडा करण्याच्या खटपटीत तो पडतो. माझ्या मते हा निवाडा सर्वांत शेवटी करावयाचा असतो. त्याआधी आपले शरीर, आपला समुद्र आणि आपल्या आटोक्यातील कारागीर या तिघांची साक्ष घेणे अगत्याचे आहे.

ही नावे पोकळ नाहीत, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. महायुद्धाच्या काळात, फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ पडला असताना, मोटारींना जळाऊ वायू पुरविण्यासाठी योजलेली एक झडप एमिल गान्यां या अभियंत्याने झाक-ईव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या गरजेनुसार बदलली, आणि श्वास ओढताच हवी तेवढीच हवा देणारे जे यंत्र 1943 साली सिद्ध झाले, त्यातून अ‍ॅक्वालंग हे नाव उदयास आले. जेनोआच्या क्रेसी बंधूंनी 1946 साली व रापालोच्या लुडोविको मारेस यांनी 1949 साली आपापल्या पेढ्या स्थापन केल्या. अमेरिकेत स्कूबाप्रोचा जन्म 1963 सालचा. पाण्याखाली नाक चिमटीत धरून कानांतील दाब समतोल करता यावा म्हणून नाकासाठी स्वतंत्र खोबण असलेला मास्क क्रेसीने 1952 साली काढला, आणि आज तीच पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण घराण्याचे नाव कायम राहिले तरी मालकी कायम राहतेच असे नाही. स्कूबाप्रो 1974 साली जॉन्सन उद्योगसमूहाकडे गेली, आणि अलीकडे तर अ‍ॅक्वालंगही मारेसची मालकी असलेल्या हेड समूहातच दाखल झाली. तेव्हा केवळ पूर्वजांच्या पुण्याईवर आजच्या मालाची हमी मानणे शहाणपणाचे नव्हे.

खरेदीचा श्रीगणेशा मास्कपासून करावा, आणि तेथे नावाला जवळजवळ काहीच किंमत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात काढून घेतल्यावरही तो जागच्या जागी राहिला तर तो आपला, गळून पडला तर कितीही नामांकित असला तरी परक्याचा. पायांतील फिन्सनाही हाच न्याय लागू होतो. टाच मोकळी असलेला प्रकार घेतल्यास त्यासोबत वापरावयाचे बूट घालूनच तो पारखावा, कारण पाय आवळणारे साधन पाण्यात पेटके आणते.

रेग्युलेटरची गोष्ट अधिक गंभीर, कारण येथे प्रश्न प्राणवायूचा असतो. सिलिंडरमधील सुमारे 200 बार दाब पहिला टप्पा भोवतालच्या पाण्याहून नऊ-दहा बारांनीच अधिक राहील इतका उतरवतो, आणि तोंडाशी असलेला दुसरा टप्पा प्रत्येक श्वासासरशी ती हवा सहज घेता येईल अशा दाबाने देतो. 20 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असल्याने हवाही तिप्पट दाट होते. तरीही श्वास जड वाटू नये, यात यंत्राचा कस लागतो. मात्र युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेग्युलेटरला ईएन 250 या मानकानुसार 50 मीटर खोलीइतक्या दाबाखाली परीक्षा द्यावी लागते. म्हणून त्या परीक्षेत उतरलेल्या कोणत्याही पेढीचे मध्यम किमतीचे यंत्र नवशिक्याच्या खोलीला पुरून उरते. वेगाने प्रसरण पावणारी हवा थंड होते, आणि हिमशीतल पाण्यात त्यामुळे झडपेशी बर्फ धरून हवा अनिर्बंध वाहू लागते. यावर उपाय म्हणून काही यंत्रांत विशेष रचना केलेली असते व तिची किंमतही मोजावी लागते. कोकण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या उबदार पाण्यात उतरणाऱ्याने तो भार उगाच का सोसावा?

किमतीपेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे देखभाल. या यंत्रातील रबरी कडी आणि झडपांच्या बैठका झिजतात, खारे पाणी आपले काम करीतच असते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कंपनीने नेमून दिलेल्या मुदतीत ते उघडून सुटे भाग बदलावे लागतात. हे काम करण्याचा अधिकृत परवाना असलेला कारागीर आणि त्या पेढीचे सुटे भाग जवळच्या शहरात मिळत नसतील, तर परदेशातून स्वस्तात आणलेले उत्तम यंत्रही कपाटातच पडून राहील. ज्या केंद्रात आपण वारंवार जातो तेथे कोणते रेग्युलेटर भाड्याने देतात आणि कोणते उघडून दुरुस्त करतात, याची चौकशी जाहिरातीपेक्षा अधिक बोलकी ठरते. हाच निकष पाण्यात तोल सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटालाही, म्हणजे बीसीडीला लावावा. सिलिंडरला जोडण्याची पद्धतही पाहून घ्यावी: आपल्याकडे भाड्याचे सिलिंडर सामान्यतः योक पकडीचे असतात, डिन पद्धतीचे आटे असलेले यंत्र घेतल्यास जोडणीचा तुकडा जवळ बाळगावा.

मनगटावरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र पेढीपेढीत खरा मतभेद आढळतो. शरीरात किती नायट्रोजन साठला याचा अंदाज निरनिराळे संगणक निरनिराळ्या गणिताने करतात, आणि एकाच खोलीवर एक दहा मिनिटे शिल्लक दाखवील तर दुसरा त्याहून कमी. जोडीने उतरताना जो अधिक सावध, त्याचे ऐकावे. अक्षर स्वच्छ वाचता येणे आणि बॅटरी स्वतः बदलता किंवा पुन्हा भरता येणे, हे गुण नवख्याला शंभर सोयींपेक्षा उपयोगी पडतात.

सिलिंडर मात्र घेऊच नये. तो जड असतो, त्याची ठराविक मुदतीने दाबपरीक्षा करावी लागते, आणि त्यावर सरकारी नियमांचा अंमल चालतो. ते नियम राबविणाऱ्या पेसो या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. ही दगदग केंद्रचालकानेच सोसावी हे योग्य.

तात्पर्य, प्रथम मास्क व फिन्स, मग संगणक, आणि छंद पक्का मुरल्यावर रेग्युलेटर व जाकीट, असा क्रम ठेवणाऱ्याचा पैसा सहसा वाया जात नाही. दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वी, हे यंत्र पुढल्या वर्षी कोण उघडणार आणि कोठे, एवढे विचारावे. ज्या पेढीच्या बाबतीत या प्रश्नाला नाव-पत्त्यानिशी उत्तर मिळेल, तीच आपल्यापुरती सर्वांत थोर पेढी समजावी.