नॉर्वेच्या डोंगरात धोका उंचीचा नव्हे, ओल्या कपड्यांचा

जून ते सप्टेंबर हे आपल्याकडे सह्याद्रीत भिजत फिरण्याचे महिने. नॉर्वेतल्या डोंगरवाटा चालण्याचा हंगामही साधारण हाच. तिथे जाणारी आपली मंडळी आता केवळ बोटीतून फ्योर्ड बघून परतत नाहीत. समुद्राचे पाणी शिरलेल्या हिमनद्यांच्या त्या खोल दऱ्या कड्यावरून पाहण्याची हौस अनेकांना असते. निघण्यापूर्वी तपासणीला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ''डॉक्टर, उंचीचा त्रास होईल का?''

लडाखच्या अनुभवावरून आलेल्या या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. नॉर्वेचे सर्वोच्च शिखर गाल्हॉपिगेन २,४६९ मीटरचे आहे. लीसेफ्योर्डवरचा प्रसिद्ध प्रेकेस्टोलेन कडा तर ६०४ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) निम्म्याहूनही कमी उंचीवर आहे. तिथे जपायचे ते थंडी, पाऊस आणि वारा यांच्या एकत्र माऱ्यापासून. पावसाळी ट्रेकची सवय असलेल्यांनी तर जास्तच.

'भिजलो तर भिजलो' तिथे चालत नाही

सह्याद्रीत भिजलो तरी हवा वीस-बावीस अंशांच्या आसपास असते. चालताना तयार होणारी उष्णता शरीराला पुरते. नॉर्वेच्या पठारावर भर जुलैतही तापमान पाच-सात अंशांवर येऊ शकते. पाच अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे एक अंशासारखे जाणवते. त्यात कपडे ओले असतील तर उष्णता आणखी झपाट्याने जाते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही. सुरुवातीला हुडहुडी भरते. मग बोटे ऐकेनाशी होतात, जॅकेटची चेन लावता येत नाही. बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प होतो. तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरले की हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते, आता बरे वाटू लागले. प्रत्यक्षात तेव्हा प्रकृती अधिक बिघडलेली असते. मेंदूच मंदावल्याने रुग्णाला स्वतःला काहीच कळत नाही. म्हणून लक्ष एकमेकांवर ठेवायचे आणि एकट्याने जायचे नाही.

अशा वेळी वाऱ्यापासून आडोसा करा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके झाका, खाली पाठपिशवी किंवा चटई घालून जमिनीपासून वेगळे करा. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. हातपाय चोळू नका आणि दारू मुळीच देऊ नका. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी निघून जाते. हुडहुडी थांबलेल्या रुग्णाला चालवू नका. वैद्यकीय मदतीसाठी तिथला क्रमांक ११३ आहे.

थंडीने गार पडलेल्या माणसाची आशा लवकर सोडायची नसते, हे नॉर्वेनेच जगाला दाखवले. मे १९९९मध्ये नार्विकजवळ स्कीइंग करताना आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात सुमारे ८० मिनिटे अडकली होती. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. हृदय बंद होते, तरी सोबत्यांनी छातीवर दाब देणे सुरू ठेवले. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचे रक्त यंत्रातून फिरवून गरम केले गेले आणि ती वाचली. हा अपवादच, पण गार पडलेला माणूस मृत ठरवण्याची घाई करू नये, हे त्यातून शिकायचे.

तयारी घरातूनच

सुती टी-शर्ट आणि जीन्स शहरात घाला. डोंगरात अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, वर उबदार थर आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट हवे. कानटोपी, हातमोजे आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या.

अंतराचाही अंदाज घ्या. प्रेकेस्टोलेन येऊन-जाऊन सुमारे आठ किलोमीटर, चार तासांचे काम. ट्रोलटुंगा मात्र शेगेडालहून सुमारे २७ किलोमीटर, दहा-बारा तास. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून गुडघे आणि मांड्या उतारावर बोलू लागतात. दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस जिने चढा आणि उतराही; वर जाऊन लिफ्टने खाली येऊ नका. पन्नाशीपुढच्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. चढताना छातीत जडपणा येत असेल, तर आधी तपासणी, मग तिकीट.

मधुमेहींनी इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत आणि डोंगरात आतल्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दिवसभराच्या चालीने साखर उतरते, म्हणून डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावा. साखर उतरल्याची आणि हायपोथर्मियाची लक्षणे पुष्कळशी सारखी दिसतात. साखर लगेच तपासता आली नाही तर गोड द्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्यात ट्रेकिंग आणि जुने आजार धरले आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

उत्तरेला ट्रॉम्सोकडे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. उजेडामुळे झोप लागत नाही आणि दिवस किती चाललो याचे भान सुटते. डोळ्यांवर पट्टी बांधून झोपा आणि वेळ घड्याळात बघा.

परतीची वेळ

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ साधे नियम आहेत. १९५०च्या दशकात ते तयार झाले आणि २०१६मध्ये सुधारले गेले. हवामान पाहा, अनुभवींचे ऐका, कुठे जाता ते कोणाला तरी सांगा, अशा त्या गोष्टी. त्यातला आठवा नियम सांगतो की वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही. आपल्याला तोच सर्वांत कठीण जातो. हजारो मैलांवरून, एवढा खर्च करून आलेले असतो, आणि हातात नेमका तोच एक दिवस असतो.

म्हणून हा निर्णय चढावर घेऊ नका, आदल्या रात्री घ्या. अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही, किंवा कोणाचे आतले कपडे भिजले, तर परतायचे, असे कागदावर लिहून सगळ्यांनी मान्य करा. बेत आखताना पावसासाठी एक मोकळा दिवस ठेवा. म्हणजे आज मागे फिरलात, तरी उद्या पुन्हा निघता येईल.