दुसऱ्या कॅमेऱ्याचा प्रश्न

फिल्मवर छायाचित्रे काढणाऱ्या माणसाला पहिला कॅमेरा बहुधा योगायोगाने मिळतो. कुणाला तो वडिलांच्या कपाटात सापडतो, कुणाला परदेशातून आलेल्या मामाच्या सामानातून मिळतो, तर कुणी मुंबईच्या बोरा बाजारात चार खेपा घालून, घासाघीस करून तो पदरात पाडून घेतो. दुसरा कॅमेरा मात्र विचारपूर्वक घेतला जातो, आणि गंमत अशी की चूक होते ती याच वेळी. पहिल्याच्या बाबतीत निवडीला वावच नसतो. दुसऱ्याच्या बाबतीत कंपनीचे नाव, मित्रमंडळींचा आग्रह आणि स्वतःची हौस यांच्या गर्दीत खरी गरज कोणती हेच विसरले जाते.

समजा, पहिला कॅमेरा लायकाचा एम-३ आहे. १९५४ साली निघालेला हा रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्यावरील ५० मिलिमीटरचे भिंग यांवर माणूस वर्षानुवर्षे समाधानी राहू शकतो. पण एके दिवशी त्याला वाड्याच्या चौकात, चाळीच्या जिन्यावर किंवा मुलांनी गच्च भरलेल्या वर्गात छायाचित्र काढावेसे वाटते आणि पाठ भिंतीला टेकते. मागे सरकायला जागाच नसते. ५० मिलिमीटरचे भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचे दृश्य टिपते. तेच २८ मिलिमीटरचे ७५ अंश आणि २१ मिलिमीटरचे ९० अंशांहून किंचित अधिक. तेव्हा रुंद कोनाच्या भिंगाची गरज ही चैन नव्हे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी दुसरा कॅमेरा हवा का, आणि हवा असल्यास कोणता.

रुंद कोनासाठी रेंजफाइंडरच का, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या पोटात आहे. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो, आणि तो वर उचलला जाण्यापुरती जागा मोकळी सोडावी लागते. आखूड नाभ्यंतराचे भिंग फिल्मजवळ बसवण्याची सोय तिथे नसते. म्हणून फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० साली उलट्या दुर्बिणीसारख्या रचनेचे ३५ मिलिमीटरचे भिंग काढले, आणि पुढे सगळ्याच एसएलआर कॅमेऱ्यांना तोच मार्ग धरावा लागला. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी रचलेले २१ मिलिमीटरचे बायोगॉन किंवा श्नायडरचे सुपर अँग्युलॉन ही भिंगे आपली मागची काच थेट फिल्मपाशी नेऊन बसवतात. परिणामी इमारतीच्या सरळ रेषा सरळच राहतात. चित्राचे कोपरे थोडे काळवंडतात हे खरे. पण किरण फार तिरके आले तरी फिल्मची तक्रार नसते. डिजिटल कॅमेऱ्यावर हीच जुनी भिंगे लावली की कडांना विचित्र रंग चढतात. या कामासाठी आजही फिल्म धरून राहणाऱ्याला केवळ जुन्याचा सोस आहे, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

आता अडचणीकडे वळू. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात भिंगातून पाहता येत नाही. वेगळ्या खिडकीतून पाहायचे, आणि त्या खिडकीत चित्राच्या मर्यादा दाखवणाऱ्या उजळ चौकटी असतात. एम-३ च्या खिडकीत वस्तू ०.९१ पट, म्हणजे जवळपास मूळ आकाराची दिसते. ५० मिलिमीटरसाठी याहून उत्तम खिडकी क्वचितच झाली असेल. पण ५० हून रुंद भिंगासाठी तीत चौकटच नाही. खुद्द ३५ मिलिमीटरच्या भिंगालाही एम-३ साठी पुढे चष्म्यासारखी जोडभिंगे बसवावी लागली. कॅमेऱ्यालाच चष्मा लावण्याचा हा प्रकार पाहून कुणालाही हसू यावे! पुढे लायकाने खिडकीतील प्रतिमा ०.७२ पटीवर आणली आणि १९८० च्या सुमारास एम-४ पी मध्ये २८ ची चौकट आली. १९८४ च्या एम-६ मध्येही ती आहे.

पण चौकट असणे निराळे आणि ती दिसणे निराळे. चष्मा वापरणाऱ्या माणसाचा डोळा खिडकीपासून बोटभर दूर राहतो, आणि ०.७२ च्या खिडकीत कडेला असलेली २८ ची चौकट त्याला सलग दिसतच नाही. डोळा डावीकडे-उजवीकडे फिरवत चित्र जुळवावे लागते. वह्या तपासून आणि फायली चाळून चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी तरी एम-६ केवळ कीर्तीवर विसंबून घेऊ नये. आधी दुकानात तो डोळ्याला लावून पाहावा, आणि तोही रोजचा चष्मा न काढता. २०२२ साली लायकाने एम-६ पुन्हा बाजारात आणला. पण त्या नव्या कॅमेऱ्यापायी शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार खर्ची पडेल. एवढे मोजून चौकटीच्या कडा दिसणार नसतील, तर त्या व्यवहाराला काय म्हणावे?

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही. रेंजफाइंडरची सारी किंमत अंतर अचूक जुळवण्यात आहे, आणि रुंद कोनाच्या भिंगाला नेमकी त्याचीच गरज सर्वांत कमी असते. ५० मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर ठेवले आणि अंतर साधारण साडेदहा मीटरवर लावले, तर सव्वापाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. २८ चे भिंग त्याच छिद्रावर सव्वातीन मीटरला लावले, तर सुमारे १.६ मीटरपासून. आणि २१ चे भिंग १.८ मीटरवर लावून ठेवले, की ९० सेंटिमीटरच्या पलीकडचे सगळे जग आपसूक स्पष्ट होते. दिवसाउजेडी असे भिंग वापरणाऱ्याला अंतर जुळवत बसण्याचे कारणच उरत नाही. १९२५ च्या पहिल्या लायकाला रेंजफाइंडर नव्हताच. कॅमेऱ्याशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ साली आला. रुंद कोनाचा भक्त या अर्थाने १९२५ सालात परत जातो, आणि तिथे त्याचे काही बिघडत नाही.

हे सूत्र जपानच्या कोसिना कंपनीने अचूक ओळखले. १९९९ साली तिने बेसा-एल नावाचा कॅमेरा काढला. त्यात रेंजफाइंडर नाही, पाहण्याची खिडकीही नाही. यांत्रिक शटर, प्रकाशमापक आणि माथ्यावर वेगळा दर्शक बसवण्याची खाच, एवढाच संसार. सोबत १५ आणि २५ मिलिमीटरची दोन भिंगे निघाली. अंतर अंदाजाने लावायचे आणि माथ्यावरच्या छोट्या दर्शकातून पाहायचे. अनेकांनी त्याला खेळणे म्हणून हिणवले. वस्तुतः नको ते वगळण्याचे धैर्य फार थोडे कारखानदार दाखवतात, आणि बेसा-एलमध्ये ते होते. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले, पण वापरलेले नग अजून फिरत असतात.

माथ्यावरच्या दर्शकाचे दोष लपवण्याचे कारण नाही. तो भिंगाच्या वर असल्याने जवळच्या वस्तूची चौकट घसरते, त्याच्यामुळे फ्लॅश लावायची जागा अडते, आणि घाईत तो खिशातून पडला तर त्याची किंमत चांगलीच झोंबते. मात्र त्यातून दिसणारे चित्र उजळ आणि मोकळे असते, आणि चष्मेवाल्यालाही बहुधा कडा दिसतात.

ज्याला हे दोन खिडक्यांचे जमणारच नाही, त्याच्यासाठी कोसिनाचाच २००६ चा बेसा आर-४ आहे. त्यात २१, २५, २८, ३५ आणि ५० अशा चौकटी कॅमेऱ्यातच दिल्या आहेत. त्यासाठी प्रतिमा ०.५२ पट इतकी लहान केली असून रेंजफाइंडरचा पायाही ३७ मिलिमीटरच आहे. मोठ्या छिद्राच्या लांब भिंगाला तो अपुरा पडेल, पण इथे ते काम पहिल्या कॅमेऱ्याकडे आहेच. मिनोल्टाचा सीएलई आटोपशीर आहे आणि त्यात २८ ची चौकट छान दिसते. पण त्याचे शटर विजेवर चालते. चाळीस वर्षांपूर्वीचे ते मंडल एकदा बंद पडले की दुरुस्त करणारा हात मिळणे कठीण. यांत्रिक शटरचा कारागीर अजून कुठे तरी सापडतो.

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती भिंगाच्या बैठकीबाबत. बेसा-एलची बैठक जुन्या लायकासारखी ३९ मिलिमीटर आट्यांची, एम-३ ची संगिनीसारखी फिरवून अडकवण्याची. फिल्मपासून बैठकीचे अंतर पहिल्यात २८.८ मिलिमीटर, दुसऱ्यात २७.८. या एका मिलिमीटरमुळे आट्यांचे भिंग पातळ कडे लावून एम-३ वर चालते. एमचे भिंग आट्यांच्या कॅमेऱ्यावर कधीच चालत नाही. म्हणून भिंग आट्यांचेच घ्यावे, म्हणजे ते दोन्हीकडे उपयोगी पडते. सुपर अँग्युलॉनच्या मोहात पडणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. त्याची मागची काच इतकी आत जाते की एम-६ च्या प्रकाशमापकाला प्रकाशच पोहोचत नाही, आणि ज्या मापकासाठी तो कॅमेरा घेतला तोच आंधळा होतो.

तेव्हा घाई न करता आधी आट्यांचे एक भिंग, एक कडे आणि एक दर्शक एवढेच घ्यावे आणि एम-३ वरच दहा रोल काढावेत. त्यांतले चार रोल भिंगांची अदलाबदल करताना हुकलेल्या प्रसंगांची आठवण देऊ लागले, तर दुसरा कॅमेरा खुशाल घ्यावा. तेच भिंग आणि तोच दर्शक त्यावर चढेल. तसे झाले नाही, तर वाचलेल्या पैशांत वर्षभराची फिल्म येते.