चांद्रभूमीवरील स्वयंचलित उपकरणे : कोयना-वारणा परिसरातील भूकंपमापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

जमिनीच्या पोटात काय घडते, ते डोळ्यांना दिसत नाही. उपकरणांच्या साहाय्यानेच ते जाणून घ्यावे लागते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोयना-वारणा परिसराला या गोष्टीची जाणीव दीर्घकाळापासून आहे. कोयना धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागल्यानंतर या भागात लहान धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे येथे 6.3 महत्तेचा भूकंप होऊन मोठी जीवित व वित्तहानी झाली. पुढे शिराळा तालुक्यातील चांदोली येथील वारणा जलाशय भरल्यानंतर त्या भागातही धक्क्यांची नोंद होऊ लागली. त्यामुळे या परिसरात भूकंपमापन केंद्रांचे जाळे उभे राहिले.

चंद्राच्या अंतरंगाविषयीचे प्रश्न याच स्वरूपाचे आहेत. मात्र तेथे सर्व कामे उपकरणाला एकट्याने करावी लागतात. प्रस्तुत लेखात चांद्रयान-3 मोहिमेतील प्रमुख उपकरणांचे कार्य व एकाकी मापनकेंद्राच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

मोहिमांची पार्श्वभूमी

22 ऑक्टोबर 2008 रोजी निघालेल्या चांद्रयान-1 वरील उपकरणांनी चांद्रपृष्ठावर पाणी व हायड्रॉक्सिल यांचे अस्तित्व दाखवून दिले. चांद्रयान-2 चा लँडर सप्टेंबर 2019 मध्ये उतरताना नष्ट झाला. मात्र त्याच्या कक्षायानाने मापनाचे काम सुरू ठेवले. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चा ‘विक्रम’ लँडर सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर सुखरूप उतरला. त्यातून 26 किलोग्रॅम वजनाचा ‘प्रज्ञान’ रोव्हर बाहेर पडला. दोघांनाही ऊर्जा सौरपट्ट्यांतून मिळत असल्याने त्यांचे कार्य एका चांद्रदिवसापुरते, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवसांपुरते आखलेले होते.

कंपनांचे मापन

लँडरवरील ‘इल्सा’ हे उपकरण सिलिकॉनच्या सूक्ष्म त्वरणमापकांवर आधारलेले होते. त्यात स्प्रिंगसारख्या सूक्ष्म पट्ट्यांवर एक लहानसे वस्तुमान तोललेले असते. जमीन हलली की जडत्वामुळे हे वस्तुमान मागे राहते, त्यामुळे शेजारच्या विद्युतपट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि या बदलाचे विद्युतसंकेतात रूपांतर होते. पृथ्वीवरील भूकंपमापकाचे मूलतत्त्वही जडत्व हेच होय.

परिस्थिती मात्र भिन्न आहे. पृथ्वीवर वारा, समुद्र, वाहतूक यांमुळे पृष्ठभाग सतत थरथरत असतो. कोयना-वारणा भागात भूकंपमापक खोल वेधछिद्रांत बसविण्यात आले, त्यामागे हा गोंगाट टाळणे हाच हेतू होता. पाटण तालुक्यातील गोठणे येथे तर सुमारे 3 किलोमीटर खोल वेधछिद्र घेण्यात आले. तेथे सुमारे 1.2 किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली ग्रॅनाइटवर्गीय पायाखडक आढळला. चंद्रावर वारा नाही आणि समुद्रही नाही. तेथील अडचण वेगळी आहे. ‘इल्सा’ने सुमारे 190 तास नोंदी केल्या. त्यांत अडीचशेहून अधिक संकेत मिळाले. पैकी सुमारे दोनशे रोव्हरच्या हालचालींशी किंवा इतर उपकरणांच्या कार्याशी निगडित होते. सुमारे पन्नास संकेतांचा असा संबंध जोडता आला नाही. ते सर्व चांद्रकंपच होते, असे मात्र म्हणता येत नाही.

उष्णता व मूलद्रव्ये

‘चास्ते’ या उपकरणाच्या शलाकेवर दहा तापमापक बसविलेले होते व ती मातीत सुमारे 10 सेंटिमीटर खोल शिरविण्यात आली. लँडरजवळ सूर्याकडे कललेल्या उतारावर पृष्ठभागाचे कमाल तापमान सुमारे 82 अंश सेल्सिअस आढळले, तर सुमारे एक मीटरवरील सपाट जागी ते 59 अंशांच्या आसपास होते. काही सेंटिमीटर खोलीवर तापमान झपाट्याने घटते. निर्वात वातावरणातील कोरडी व सैल धूळ उष्णता फारच थोडी वाहून नेते, हे त्याचे कारण होय.

रोव्हरवरील क्ष-किरण वर्णपटमापक क्युरियमच्या किरणोत्सर्गाने मातीतील अणूंना उद्दीपित करतो. त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात. सुमारे 103 मीटरच्या प्रवासात 23 ठिकाणी असे मापन झाले. दुसऱ्या, लेसरवर आधारित उपकरणाने गंधकाचे अस्तित्व निश्चित केले. सह्याद्रीचा काळा पाषाण बेसाल्ट आहे व चंद्रावरील काळसर डागही बेसाल्टचेच आहेत. अवतरणस्थळाची माती मात्र फिकट रंगाच्या अॅनॉर्थोसाइट खडकाशी जुळणारी आढळली. आरंभी चंद्र वितळलेल्या शिलारसाने व्यापलेला होता व हलकी खनिजे वर तरंगून त्याचे कवच बनले, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली.

एकाकी केंद्राची मर्यादा

भूकंपाचे स्थान, खोली व वेळ या सर्व बाबी अज्ञात असतात. त्या खात्रीने ठरविण्यासाठी लहरी निरनिराळ्या केंद्रांवर केव्हा पोहोचल्या, याची तुलना करावी लागते. कोयना-वारणा परिसरातील जाळ्याचे महत्त्व येथेच आहे. एखादा संकेत अनेक केंद्रांवर क्रमाने उमटला, तर तो जमिनीतून आला याची खात्री पटते. एकाच ठिकाणी उमटला, तर यंत्राच्या तापण्या-निवण्यातून निर्माण झालेल्या कंपनाचीही शंका राहते. चंद्रावर असे जाळे पूर्वी होते. अपोलो 12, 14, 15 व 16 या मोहिमांनी ठेवलेले कंपमापक 1977 पर्यंत कार्यरत होते. किरणोत्सारी इंधनापासून मिळणाऱ्या विजेवर ते चालत, म्हणून चांद्ररात्रींतही त्यांचे काम थांबले नाही.

‘विक्रम’ व ‘प्रज्ञान’ यांच्याकडे अशी सोय नव्हती. सप्टेंबर 2023 च्या आरंभी त्यांना निद्रावस्थेत ठेवण्यात आले. पुढील सूर्योदयानंतर त्यांच्याकडून संकेत मिळाले नाहीत. चीनच्या चांग-ए 4 मोहिमेने मात्र 2019 पासून किरणोत्सारी उष्णतास्रोतांच्या साहाय्याने अनेक रात्री पार केल्या.

समारोप

चांद्रयान-3 वरील उपकरणांनी अल्प काळात मौलिक माहिती दिली. परंतु जमिनीच्या पोटाचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या आणि अनेक केंद्रांवरील नोंदींतून साकारते, हे कोयना-वारणा परिसरातील मापनकार्यावरून स्पष्ट होते. म्हणून भावी चांद्रमोहिमांत नव्या उपकरणांइतकेच महत्त्व रात्र निभावणाऱ्या ऊर्जाव्यवस्थेला व एकाहून अधिक केंद्रांना देणे आवश्यक ठरते. ‘इल्सा’च्या त्या पन्नास संकेतांसारख्या नोंदींचा उलगडा अशा व्यवस्थेतूनच होऊ शकेल.