नावातले सौभाग्य

संध्याकाळी घरात वटवाघूळ शिरले, की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. चीनमध्ये मात्र हाच जीव शतकानुशतके रेशमावर आणि चिनी मातीच्या भांड्यांवर हौसेने रेखाटला गेला. याचे कारण त्याच्या रूपात नसून नावात आहे. वटवाघळाच्या चिनी नावात 'फू' हा उच्चार येतो आणि सुखसौभाग्यालाही 'फू'च म्हणतात. लिपीतली अक्षरे वेगळी, ध्वनी एकच. पाच वटवाघळे एकत्र काढली, की पाच सुखे झाली: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि वय झाल्यावर येणारे स्वाभाविक मरण. चांगल्या मरणाला सुखांत गणणारी ही दृष्टी मोठी समंजस म्हटली पाहिजे.

मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे शिल्लक, सुबत्ता. फुलदाणीतल्या 'पिंग'मध्ये शांतता ऐकू येते. नववर्षाला दारावर 'फू' हे अक्षर पुष्कळदा मुद्दाम उलटे चिकटवतात. कारण 'उलटे' आणि 'आले' या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच. सौभाग्य आले! सगळीच चिन्हे अशी श्लेषावर उभी नाहीत. करकोचा दीर्घायुषी मानला जातो म्हणून तो दीर्घायुष्याचा, आणि डाळिंबात दाणे पुष्कळ म्हणून ते संततीचे.

शब्दातले शुभाशुभ आपल्यालाही परके नाही. आपण नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. परंतु 'येतो'तली ही गोडी दुसऱ्या भाषेत कशी नेणार? चिनी चिन्हांचे नेमके हेच झाले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी अफू आणि कापूस घेऊन कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, जात. परतताना ते भरतकाम केलेले रेशीम आणत. त्यातूनच पारशी स्त्रियांची 'गारा' साडी घडली. करकोचे, पिओनीची फुले, पॅगोडे, पूल सारे तिच्यावर आले. उच्चार मात्र चीनमध्येच राहिले. मग मुंबईच्या घरांनी आपल्या डोळ्यांना जे दिसले त्याप्रमाणे नावे ठेवली. लहानमोठ्या ठिपक्यांची नक्षी झाली 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदे-बटाटे! माशाला मात्र अडचण आली नाही. पारशी घरात तो आधीपासूनच शुभ, उंबरठ्यावरच्या रांगोळीतही असतो. त्याला श्लेषाची गरजच नव्हती.

अलीकडे फेंगशुईच्या दुकानांतून आलेल्या 'लाफिंग बुद्धा'चीही तीच गत. अनेकांना ते गौतम बुद्धांचेच रूप वाटते. वास्तविक हा बुदाई नावाचा, दहाव्या शतकातला मानला जाणारा चिनी भिक्षू. 'बुदाई' म्हणजे कापडी झोळी, आणि ती त्याच्या हाती असते. दुकानदार पोटावर हात फिरवायला सांगतो, झोळीबद्दल बोलत नाही.

गाऱ्याच्या नक्षीत 'करोळियो', म्हणजे कोळी, हेही एक नाव आहे. जाणकारांच्या मते तो कोळी नसून शेवंतीचे फूल आहे, आणि शेवंती चीनमध्ये दीर्घायुष्याची खूण. पारशी घरांत आजही त्याला कोळीच म्हणतात, आणि लग्नाकार्यात ती साडी आवर्जून नेसली जाते.