छापील कागदाचें सोंवळें

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या सोंवळ्या घरांत छापलेलें पुस्तक शिवण्यास माणसें कचरत. छापण्याच्या शाईंत जनावराची चरबी असते, ही त्यांची शंका होती. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं आपल्या छापखान्यांत पंचांग छापलें, तेव्हां हा आक्षेप त्यांनीं हंसण्यावारी नेला नाहीं. चरबीच्या जागीं तूप घालून त्यांनीं शाई तयार केली, असें सांगतात. गिऱ्हाइकाच्या मनांतील शंकेनें शाईचे घटक पालटले, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या अगदीं आरंभींची आहे. आज तें सोंवळें उरलें नाहीं. परंतु शाई कशाची आणि कागद कोठला, हा प्रश्न मात्र उरला आहे. त्याचा अर्थ तेवढा निराळा झाला आहे.

शहरांतील मध्यम छापखान्याचें पोट ग्रंथांवर भरत नाहीं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, दुकानांचीं हस्तपत्रकें, पतपेढीचा वार्षिक अहवाल अशा किरकोळ कामांवर तो चालतो. खिळे जुळविणारा जुळारी आतां बहुधा दिसत नाहीं. मजकूर संगणकावर जुळतो व ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उतरतो. पत्र्यावरील अक्षरें तेलकट शाई धरतात आणि कोरी जागा पाणी धरते. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, या साध्या तत्त्वावर ऑफसेट यंत्राची उभारणी आहे. पत्र्यावरची शाई प्रथम रबराच्या पृष्ठावर येते आणि तेथून कागदावर उमटते.

शिशाचे खिळे गेले, त्यांच्याबरोबर शिशाच्या विषबाधेचें भयही गेलें, हा लाभ खरा. परंतु एक काम संपून दुसरें लागण्यापूर्वीं रबर व रूळ पुसून स्वच्छ करावे लागतात आणि पुसण्याचीं बरीचशीं रसायनें हवेंत भराभर उडून जाणारीं असतात. जपानमधील ओसाका शहरीं एका छापखान्यांतील अनेक तरुण कामगारांस पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचें २०१२ सालीं उजेडांत आलें. हवा पुरेशी खेळत नसलेल्या खोलींत ते रबरावरची शाई पुशीत असत. त्या रसायनांतील १,२-डायक्लोरोप्रोपेन हें द्रव्य माणसास कर्करोगकारक असल्याचा निर्णय पुढें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें दिला. छपाईच्या शुचितेचा विचार करतांना म्हणून पहिला मान यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाला दिला पाहिजे.

त्यानंतर शाई. खनिज तेलाऐवजीं सोयाबीनचें किंवा जवसाचें तेल घातलेल्या शाया आतां मिळतात. जवसाचें तेल तर मुद्रणकलेचा जुनाच सोबती होय. मात्र तेल वनस्पतीचें असलें म्हणून शाईंतील राळ व रंगद्रव्यें आपोआप निर्दोष ठरत नाहींत, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

कागदाचेंही तसेंच. जंगलाची निगा राखून मिळविलेल्या लाकडाची खूण पटविण्यासाठीं १९९३ सालीं फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. तिचें चिन्ह कित्येक कागदांवर आढळतें. पुण्यास १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून कागद करतां येतो व त्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं, याचा तेथें प्रत्यय येतो. उलट, उत्तम कागदावर प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा चढविला, कीं त्याचा लगदा करून पुन्हा कागद बनविणें कठीण होतें. लग्नपत्रिकेच्या चकाकीची ही खरी किंमत होय.

यांत घरच्या माणसाच्या हातीं पुष्कळ आहे. तीनशें पत्रिका पुरत असतां पांचशें न छापणें, मुद्रित नीट वाचून मगच संमति देणें, पापुद्रा नाकारणें, आणि शाई कोणती व पुसण्याचें रसायन कोणतें हें विचारणें, या चार गोष्टींना विशेष खर्च पडत नाहीं. मुद्रितांत राहिलेल्या एका चुकीपायीं रिमेंच्या रिमें रद्दींत जातात. मुद्रक हा धंदेवाईक माणूस आहे. जें गिऱ्हाईक मागेल, तें तो ठेवील. पंचांगाच्या गिऱ्हाइकानें स्वतःच्या सोंवळ्यासाठीं शंका काढली होती. आजच्या गिऱ्हाइकानें ती दुसऱ्याच्या जिवासाठीं काढावी.