थीम पार्कच्या रचनेतील वास्तुतपशील : ‘आनंदपूर’ या कल्पित गावाच्या निमित्ताने

प्रस्तावना :

करमणूक उद्यान आणि थीम पार्क या दोन संज्ञा मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वास्तविक त्यांत मूलभूत फरक आहे. करमणूक उद्यानात पाळणे, चक्रे, घसरगुंड्या यांना महत्त्व असते; भोवतालच्या इमारती ही केवळ सोय असते. थीम पार्कमध्ये हा क्रम उलटतो. तेथे प्रथम एक स्थळ कल्पिले जाते, त्याला इतिहास दिला जातो, हवामान दिले जाते आणि मग त्या स्थळात शोभतील अशा रीतीने पाळणे व गाड्या बसविल्या जातात. दि. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा त्याची विभागणी पाच कल्पित प्रदेशांत केलेली होती. अशा प्रत्येक प्रदेशाला ‘लँड’ म्हणण्याची प्रथा तेथूनच रूढ झाली.

थीम पार्कविषयी विद्यापीठीय वर्तुळात जी चर्चा होते ती प्रामुख्याने उंबेर्तो एको आणि झाँ बोद्रियार या दोन विचारवंतांच्या आधारे होते. खऱ्याखोट्याची सीमारेषा पुसणारे स्थळ म्हणून त्यांनी डिस्नेलँडकडे पाहिले. त्यांचे विवेचन मोलाचे आहे. परंतु ते विवेचन फार उंचावरून झाले आहे. गिलावा कसा केला, भिंतीवर ओल कोठे दाखविली आणि ती तेथेच का दाखविली, हे प्रश्न त्यात येत नाहीत. प्रस्तुत लेखात या खालच्या पातळीवरून, म्हणजे वास्तुतपशिलाच्या अंगाने, या विषयाकडे पाहिले आहे.

‘लँड’ची घडण :

डिस्नेलँडच्या भोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे. बाहेरचे रस्ते व इमारती आतून दिसू नयेत हा त्याचा हेतू. बाहेरचे जग दिसेनासे झाले की आतल्या प्रमाणांशी खेळता येते. ‘मेन स्ट्रीट’ या पहिल्याच विभागात, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गावाचा बाजार उभा केला आहे. तेथील इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा मुद्दाम लहान मापात बांधलेले आहेत. दुरून पाहणाऱ्याला इमारत आहे त्यापेक्षा उंच भासते आणि तरीही ती अंगावर येत नाही. रस्त्याच्या टोकाशी असलेला राजकन्येचा किल्ला अवघा ७७ फूट उंच आहे. तोही याच युक्तीमुळे भव्य वाटतो. यथादर्शनाची ही चलाखी चित्रपटांच्या सेटवरून आली. लोकांना पुढे खेचून नेणाऱ्या अशा उंच, दूरवरून दिसणाऱ्या वस्तूला वॉल्ट डिस्ने ‘वीनी’, म्हणजे कुत्र्यापुढे धरावयाचा मांसाचा तुकडा, असे म्हणत असत. उपमा फारशी सभ्य नाही. पण तिच्यात पाहुण्यांविषयीचा व्यवसायाचा दृष्टिकोन स्पष्ट दिसतो.

मेन स्ट्रीटचा बाजार मात्र कायम नवा असतो. रंग ताजा, काचा लख्ख, पितळ चकचकीत. तेथे काळ गोठलेला आहे. याच्या नेमकी उलट भूमिका घेऊन पुढे जे काम झाले ते या लेखाचा मुख्य विषय आहे.

जुनेपणाची बांधणी :

दि. २२ एप्रिल १९९८ रोजी फ्लोरिडा राज्यात ‘डिस्नेज अ‍ॅनिमल किंगडम’ हे सुमारे ५८० एकरांचे उद्यान सुरू झाले. जो रोडी हे त्याचे प्रमुख रचनाकार. येथे खरे प्राणी ठेवावयाचे होते आणि हीच मोठी अडचण होती. जिवंत हत्ती वा वाघ यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा चकचकीतपणा टिकू शकत नाही. प्राण्याच्या खरेपणामुळे भोवतालचा खोटेपणा उघडा पडतो. तेव्हा भोवतालही झिजलेला, वापरलेला, ऊनपावसाने मळलेला हवा, असे ठरले. आफ्रिका विभागातील ‘हरांबे’ या कल्पित बंदरासाठी केनियाच्या किनाऱ्यावरील लामू हे जुने गाव डोळ्यांपुढे ठेवण्यात आले. पोपडे निघालेल्या भिंती, गंजलेले पत्रे, हाताने रंगविलेल्या पाट्या यांतून ते बंदर उभे राहिले. रस्त्याच्या ओल्या काँक्रीटवर सायकलच्या चाकांचे व पानांचे ठसे उमटविण्यात आले. वरवर पाहता हा रस्ता वर्षानुवर्षे वापरात असलेल्या चिखलवाटेसारखा दिसतो.

१९९९ मध्ये याच उद्यानात आशिया विभाग सुरू झाला आणि त्याचे केंद्र म्हणून ‘आनंदपूर’ नावाचे राज्य कल्पिण्यात आले. चक्रनदी नावाची नदी, राजाराणी, शिकारीचे राखीव वन, राजवाड्याचे अवशेष अशी त्याची सामग्री. मराठी वाचकाला ही नावे परकी वाटणार नाहीत. कथा अशी की, राजांचे शिकारीचे वन पुढे प्रजेला व वन्यजीवांना मिळाले आणि पडक्या वाड्यात वाघ राहू लागले. या कथेमागे एक व्यावहारिक गरज आहे. वाघ आणि प्रेक्षक यांच्यामध्ये काच, खंदक व कुंपण अनिवार्य होते. ते लपवावयाचे कोठे? उत्तर मिळाले ते पडक्या भिंतीत. ढासळलेली कमान ही काचेची चौकट झाली, कोरड्या हौदासारखा दिसणारा खोलगट भाग हा खंदक झाला. येथे अलंकरण आणि संरक्षण हे एकच काम करतात, आणि म्हणूनच ते अलंकरण उपरे वाटत नाही.

जवळच गिबन वानरांसाठी देवळाच्या शिखरासारखे दिसणारे बुरूज आहेत. त्यांतील एकाभोवती बांबूची परांची बांधलेली आहे, जणू जीर्णोद्धाराचे काम चालू आहे. हा तपशील विशेष विचार करण्याजोगा आहे. पडझड दाखविणे तुलनेने सोपे असते. दुरुस्ती दाखविली की त्या जागेला माणसे आहेत, त्यांना त्या वास्तूविषयी आस्था आहे, त्यांच्याकडे पैसा मात्र बेताचा आहे, असे तीन निष्कर्ष पाहणारा नकळत काढतो. पाटी वाचावी लागत नाही. आणि वानरांना लोंबकळण्यासाठी बांबू हवेच होते.

यावरून वास्तुतपशिलाविषयी एक कसोटी मांडता येते. प्रत्येक डागाला कारण हवे. भिंतीवरची ओल पागोळीच्या खाली हवी, खिडकीच्या मध्यावर नव्हे. उंबरठा मधोमध झिजलेला हवा, कडेला नव्हे. खांबाची झिलई माणसाच्या हाताच्या उंचीवर असावी. ज्या ठिकाणी हे कार्यकारण सांभाळले जाते तेथे अशिक्षित पाहुण्यालाही जागा ‘खरी’ वाटते. जेथे केवळ जुनेपणाचा रंग फासला जातो तेथे काहीतरी चुकल्याची जाणीव होते, जरी ते काय हे सांगता आले नाही तरी. आपल्याकडील अनेक ‘पारंपरिक’ उपाहारगृहांतील बैलगाडीचे चाक याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. ते भिंतीवर टांगलेले असते. चाक भिंतीवर का गेले, याला कोणतेही कारण नसते.

या पद्धतीत एक गमतीदार विसंगतीही दडलेली आहे. रंगविलेला गंज टिकवावयाचा तर खरा गंज रोखावा लागतो, कारण खऱ्या गंजाने लोखंड कमकुवत होते. खोटे शेवाळ राखावे लागते आणि खरे घासून काढावे लागते, कारण त्यावरून पाहुणे घसरतात. म्हणजे काळ थांबविण्याचे काम येथेही चालूच आहे. मेन स्ट्रीटवर तो नव्या अवस्थेत थांबविला, येथे जुन्या.

डोंगर आणि गाडी :

२००६ मध्ये आनंदपूरच्या हिमालयीन भागात ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही डोंगरातून धावणारी गाडी सुरू झाली. कथेनुसार चहाच्या मळ्यांसाठी टाकलेली व नंतर बंद पडलेली ही रेल्वे पर्यटकांसाठी पुन्हा सुरू करण्यात आली आहे. दार्जिलिंगची छोटी रेल्वे माहीत असलेल्या भारतीयाला ही कल्पना लगेच पटते. डोंगराची उंची १९९.५ फूट आहे. हा अर्धा फूट अकारण सोडलेला नाही : २०० फुटांवरील बांधकामावर विमानांसाठी तांबडे दिवे लावावे लागतात, आणि शिखरावर तांबडा दिवा लागला की हिमालय संपला. शिवाय पुढे दिसणारा मोठा डोंगर हा एव्हरेस्ट नव्हेच. तो यतीच्या पहाऱ्यातील एक कल्पित पर्वत आहे. एव्हरेस्ट म्हणून जे दाखविले आहे ते बाजूचे लहानसे शिखर, दूर असल्याचा भास व्हावा म्हणून लहान ठेवलेले. डोंगराचे कवच आणि गाडीचा मार्ग यांचे सांगाडे एकमेकांपासून स्वतंत्र ठेवले आहेत. अन्यथा गाडीच्या हादऱ्यांनी खडकांना भेगा पडल्या असत्या. आतील यंत्रचलित यती मात्र उद्घाटनानंतर थोड्याच काळात निश्चल झाला आणि लखलखत्या प्रकाशाने त्याच्या हालचालीचा आभास निर्माण करावा लागला. बाहेरच्या पायवाटेवरील पताका, तोरणे, चहाच्या पेट्या यांचा परिणाम मात्र त्यामुळे उणावला नाही, ही गोष्ट तपशिलाच्या बाजूने बरेच काही सांगते.

तपशिलाची मर्यादा :

आनंदपुरात नेपाळ, तिबेट, भूतान, थायलंड, इंडोनेशिया आणि भारत यांच्या खुणा एकत्र आल्या आहेत. कल्पित राज्य असल्यामुळे कोणाला हरकत घेता येत नाही. परंतु या सोयीची किंमत आहे. तेथे एका झाडाला कापडाच्या पट्ट्या व घंटा बांधल्या आहेत. नवस बोलण्याची व फेडण्याची ती खूण. वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळलेला दोरा पाहणाऱ्याला यातील फरक जाणवेल. त्या दोऱ्याला गुंडाळणारी असते, तिचे काही मागणे असते. आनंदपूरच्या पट्टीमागे एक कुशल, पगारी कारागीर असतो. पावसाने भिंत कशी झिजते याचे कार्यकारण त्या रचनेला पूर्णपणे कळलेले आहे. माणसे एकमेकांशी कशी वागतात, कोण कोठे राहतो, कोण कोणाच्या दारात जात नाही, याचे कार्यकारण मात्र तेथे नाही. राजा चांगला होता, त्याने वन दिले, एवढ्यावर आनंदपूरचा समाज संपतो.

सह्याद्रीतील एका घाटाची कल्पना :

हाच विचार महाराष्ट्रातील एखाद्या नव्या ‘लँड’ला लावून पाहता येईल. कोकणातील बंदर आणि देशावरील बाजारपेठ यांना जोडणारा एक कल्पित घाट हा त्यासाठी अत्यंत समृद्ध विषय आहे. जुन्नरजवळचा नाणेघाट, तेथील सातवाहनकालीन शिलालेख व जकातीशी जोडला जाणारा दगडी रांजण हे त्याचे मूळ ठरू शकेल. अशा विभागाची कथा छपरांनी सांगता येईल. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला थोड्याच अंतरावर वाईला त्याच्या सुमारे आठवा हिस्सा. पाहुणा खालून वर व पलीकडे चालत जाईल तसे जांभ्याचे चिरे जाऊन काळा पाषाण येईल, उतरती कौले सपाट होत जाऊन अखेरीस धाब्याची घरे लागतील. पडवी आखूड होईल, भिंतीवरचे शेवाळ विरळ होईल आणि त्याजागी धुळीची पुटे दिसतील. एकही पाटी न लावता पर्जन्यछाया समजेल. सामग्रीही अस्सल वापरता येईल : पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केले आहेत, त्या धर्तीवर पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे खांब, तुळया व दारे जपण्याचे एक निमित्तही त्यातून मिळेल.

येथपर्यंत आनंदपूरची पद्धत पुरते. त्यापुढे गावाचा नकाशा काढावा लागेल. कोल्हापूरजवळील कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदार आपापल्या कामात मग्न असलेले शिल्परूपाने दाखविले आहेत. अशी कामे दाखविणे शक्य आहे. प्रश्न येतो तो घरांमधील अंतराचा आणि त्याहूनही पाणवठ्याचा. गावाला एकच विहीर दाखविली तर पाहुणे आनंदाने तिच्याभोवती छायाचित्रे काढतील, परंतु तिच्या काठावरची दोराची झीज, कितीही अचूक कोरली तरी, खोटी असेल. कारण गावातील सर्वांचे दोर त्या काठावरून खाली गेले नव्हते. दोन विहिरी दाखविल्या तर दुसरीचे कारण सांगावे लागेल, आणि सहलीला आलेल्या मुलाला ते कोणत्या शब्दांत सांगावयाचे हेही ठरवावे लागेल. कोकणातून वर जाणाऱ्या वाटांच्या पायथ्याशी महाड आहे. तेथील चवदार तळ्यावर दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो पाण्याला हात लावण्यासाठी. घाटाच्या कल्पित गावाचा नकाशा काढणाऱ्या वास्तुरचनाकाराला छपरांचा उतार, चिऱ्यांचा रंग आणि पागोळ्यांची ओल ठरविण्याच्या आधी, कागदावर पाण्याची जागा कोठे काढावयाची हे ठरवावे लागेल.